मशीनले वऱ्हाडी शिकवणाऱ्या पंचफुलाकाकू

पंचफुलाकाकू फोनमधल्या बाईचं मराठी दुरुस्त करतात. फोनमधली बाई म्हणजे ती, जी समोरच्यानं फोन उचलला नाही की मध्येच येऊन बोलते.

कामरगावच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, आधार, पीकविमा, पोरांचे निकाल, सगळं तिथेच. एका सकाळी दुकानात सात-आठ माणसं उभी होती आणि काकूंनी धनजला त्यांच्या भावाला फोन लावला. स्पीकरवर, कारण फोन कानाला लावला की कान तापतो असं त्यांचं म्हणणं. फोनमधली बाई गोड आवाजात बोलली, "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे."

काकूंनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाल्या, "व्यक्ती नाई बाई, तो माया भाऊ हाय, सुखदेव. अन् व्यस्त काय? कामात हाय म्हन. मानसावानी बोल."

पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच. काकूंनी पुन्हा तितक्याच शांतपणे समजावलं. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकतच नाई हे. कोन्या शायेत शिकली कोन जाने."

दुकान हसायला लागलं. काकू हसल्या नाहीत. "दात काहून काढता बे? थे रोज लाखो लोकाइसंग बोलते. थे चुकली तं किती लोकाइचं बिघडन!"

हे त्यांचं एकट्या फोनपुरतं नाही. तालुक्याचे कृषी अधिकारी एकदा चावडीसमोर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा पर्जन्यमान समाधानकारक राहण्याची शक्यता आहे." मागून आवाज आला, "पाऊस म्हना साहेब. पर्जन्यमान म्हनून जास्त नाई पडनार." माझं नाव विजय. माझ्या दुकानावर मोठ्या अक्षरांत तसं लिहिलंही आहे. काकू मला इजू म्हणतात, आणि पाटी रंगवून झाली त्या दिवशी खाली उभं राहून त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "सारं गाव तुले इजू म्हनते, मंग हे कोनाचं नाव लिवलं?"

साठीला आलेली बाई. सातवी शिकलेली, आणि शिकलेलं काहीही वाया जाऊ न देणारी. एसटीत बसल्या की कारंजापर्यंत दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचतात. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि दुसऱ्या दोरीला स्वतः शिवलेली कापडी पिशवी, तिच्यात फोन. गावाला लागून दोन एकर बागायत आहे. मिरची, वांगी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. तुम्ही आमच्या भागातले नसाल म्हणून सांगतो. नाहीतर तुमचंही त्या मशीनसारखं व्हायचं. ते पुढे येईलच.

काकूंचे यजमान तुळशीरामकाका. पाच वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आवाज येतो, पण शब्द विरघळून येतात. तेव्हापासून वावर काकू एकट्या बघतात. त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली की त्या लगेच मिरचीचा विषय काढतात.

तर मशीनचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात एक कंपनी आली. ऑफिस पुण्यात, पैसा परदेशातला. पानठेल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणालं, परदेशी लोक वावरं विकत घेणार. कुणी म्हणालं, ग्रामपंचायतीच्या आवारात त्यांनी जो पांढरा खांब रोवलाय तो घरातली भांडणं ऐकतो. खांब हवामानाचा होता. वर छोट्या वाट्या गरगर फिरत असत. काकूंनी त्याला एक फेरी मारून मला विचारलं, "ह्या वाट्या कायले फिरून राह्यल्या?"

"वारा मोजायला, काकू."

"मोजून ठेवतीन कुठी?"

खांबाबरोबर कंपनीनं फोनवर एक ॲप दिलं. शेतीचा प्रश्न तोंडानं विचारायचा, ते तोंडी उत्तर देणार. लिहायची गरज नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही शेतीचा सल्ला मिळावा, असा हेतू. हेतू मला फार आवडला होता. मी स्वतः शंभरेक लोकांच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं, आणि पहिल्याच दिवशी काकूंच्याही.

ॲप म्हणालं, "नमस्कार शेतकरी मित्रा! तुझा प्रश्न सांग."

काकू दचकल्या. "कोन मित्रा? मी बाई मानूस हाय."

"तुझा प्रश्न समजला नाही, मित्रा."

"मी सांभार लावतो वावरात, सांभारावर मावा आला. काय करू?"

ॲपनं क्षणभर विचार केला आणि गोड आवाजात सांगितलं, "सांबर हा संरक्षित वन्यप्राणी आहे. तो शेतात दिसल्यास त्याला इजा न करता वन विभागाला कळवा."

त्या दिवशी काकू घरी जाताना रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, "माया वावरात दोन वाफे सांबर हाय. पायाले येजो."

मग कंपनीची सायली मॅडम आली. पंचविशीतली पुण्याची मुलगी. पाठीवर बॅग, आणि कुणी काहीही सांगितलं की वहीत टिपून घ्यायची सवय. ती म्हणाली, मशीनला अजून गावाकडचं बोलणं नीट कळत नाही, म्हणून गावातल्या बायकांचे आवाज हवेत. पडद्यावर वाक्य येईल, ते मोठ्यानं वाचायचं. वाक्यामागे मोबदला. घरबसल्या काम. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत गोधड्या लावून, बाहेरच्या गाड्यांचा आवाज अडवून, आम्ही बसायची सोय केली. चौदा बायका आल्या. माळीपुऱ्यातल्या, बौद्ध वस्तीतल्या, एक अंगणवाडीची मदतनीस. बाजारात सौदा करताना सगळा बाजार डोक्यावर घेणाऱ्या बायका, पण कानाला हेडफोन लावल्यावर शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारख्या वाचायला लागल्या.

काकूंसमोर पहिलं वाक्य आलं : "मला माझ्या शेतातील वांग्यांची काळजी वाटते."

काकूंनी ते मनात वाचलं, चष्मा नीट केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मले माया वावरातल्या वांग्याइची फिकर वाटते."

लाल फुली आली. वाचनात चूक.

पुढचं वाक्य. पुन्हा लाल फुली. दुपारपर्यंत काकूंनी दोनशे वाक्यं वाचली आणि दोनशे फुल्या मिळवल्या. मी म्हटलं, "काकू, लिहिलंय तसंच वाचा ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"तसं मी बोलतो का?"

"नाही."

"मंग मी बोलतच नाई थे मशीनले कायले शिकवू? उद्या थे मशीन मायाच वावरात येऊन मले इचारन, तुमी कोन्या भाषेत बोलून राह्यल्या म्हनून."

सायली मॅडमनंही समजावलं. नियम पुण्याहून आलेत, तिच्या हातात नाहीत, वगैरे. मग तिनं सहज विचारलं, "आणि काकू, तुम्ही 'मी बोलतो', 'मी लावतो' असं का म्हणता? मशीनला त्यामुळे पुरुष बोलतोय असं वाटतं."

"आमच्या इकडे बाया असंच बोलतेत, माय. मी येतो, मी जातो. बाईनं 'मी जाते' म्हनलं का लोक समजतेत, थे पुन्याहून आली."

सायलीनं ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला वाटलं, उगीच लिहून घेतेय.

संध्याकाळपर्यंत काकूंचं खातं बंद झालं. इतक्या फुल्या झाल्या की खातं आपोआप बंद होतं म्हणे. बाकीच्या तेरा जणींचं काम सुरू राहिलं. काकू रोज भाजी विकून झाल्यावर यायच्या, मागच्या खोलीच्या दाराशी टोपली ठेवून बसायच्या आणि आतल्या बायकांचं वाचन ऐकायच्या. "पोथी वाचून राह्यल्या साऱ्या," एवढंच म्हणायच्या. चेहऱ्यावर दाखवत नव्हत्या, पण त्यांना लागलं होतं. त्या आठवड्यात त्यांनी फोनमधल्या बाईलाही काही सुनावलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बातमी आली की पैसा लावणारे परदेशी पाहुणे स्वतः कामरगावला येणार. सायलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "विजयदादा, हे साधं येणं नाहीये. त्यांना पटलं तर काम वाढेल. नाही पटलं तर आपल्या जिल्ह्यातलं सगळं बंद. खांब, ॲप, या बायकांचं काम, सगळं."

तेरा बायकांच्या हाताला लागलेलं काम होतं ते. त्यातल्या दोघींनी त्यावर मुलींना कारंजाच्या कॉलेजात घातलं होतं.

पाहुणे आले, ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसले. त्यांचा मुख्य माणूस थॉमस नावाचा, उंच, खुर्ची नाकारून सतरंजीवर बसलेला आणि गुडघे कुठे ठेवावेत हे न कळल्यानं हैराण झालेला. शेजारी पुण्याचे वरिष्ठ साहेब. सायली दुभाषी. साहेबांनी तीन प्रश्न आधीच कागदावर लिहून आणले होते आणि ते वाचायला शाळेतला एक शिक्षक तयार ठेवला होता. शिक्षकानं वाचले, मशीननं खणखणीत उत्तरं दिली, टाळ्या झाल्या.

थॉमस काहीतरी बोलला. सायलीनं सांगितलं, "ते म्हणतात, छान. आता इथल्या कुणीतरी स्वतःचा खरा प्रश्न विचारावा."

साहेबांचा चेहरा जरा उतरला. मागून गौतमदादा उठला. बौद्ध वस्तीतला, तीन एकरवाला, कमी बोलणारा माणूस. त्याची मिरची खरोखरच संकटात होती. त्यानं फोन हातात घेतला आणि विचारलं, "मिरचीवर बोकड्या आला. काय मारू?"

मशीन म्हणालं, "शेतकरी मित्रा, बोकडाला मारू नका. मोकाट जनावरे पिकात शिरू नयेत यासाठी शेताला कुंपण घाला."

असा हशा मी आमच्या गावात दुसऱ्यांदा ऐकलेला नाही. सतरंजीवर माणसं आडवी झाली. सरपंचांच्या हातातला चहा सांडला. फक्त गौतमदादा हसत नव्हता. त्याचं पीक जात होतं. तो फोनकडे बघत उभा होता.

थॉमसनं विचारलं काय झालं. साहेब घाईघाईनं इंग्रजीत बोलले आणि मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "शेतकऱ्यांनी जरा स्पष्ट आणि शुद्ध बोलायला हवं. मशीन बरोबर आहे."

काकू दाराशी टोपलीजवळ बसल्या होत्या. त्या उठल्या.

"साहेब, गौतम सपष्टच बोल्ला," त्या म्हणाल्या. "साऱ्या सभेले समजलं. या लहान्या लेकरालेबी समजलं. एकट्या तुमच्या मशीनले नाई समजलं."

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बसा—"

"बसतो. पयले हे पाहा." त्यांनी टोपलीतून मिरचीची एक फांदी काढली. पानं चुरगळून आत वळलेली. सतरंजी ओलांडून त्या सरळ थॉमससमोर गेल्या आणि फांदी त्याच्या हातात दिली. "हा बोकड्या. हा रोग हाय. पान असं वयते, मंग झाड खुजं होते, मंग मिरची लागत नाई. पान वर वयलं का कीड एक, खाली वयलं का कीड दुसरी. दोनीले औषध येगयेगयं. अन् मारू म्हनजे फवारू. आमी बोकडाले मारत नाई, साहेब. तुमच्या मशीनले साऱ्या गावात जनावरंच दिसून राह्यले. पयले सांबर, आता बोकड."

सायली भाषांतर करत होती. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण ती एकही शब्द गाळत नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

काकू थांबल्या नाहीत. "तुमी एवढा पैसा घालून समुद्रापलीकडून आले. कायले आले? ज्याले वाचता येत नाई त्यालेबी समजावं म्हनून. मंग ज्याले वाचता येत नाई तो पुस्तकावानी कसा बोलन? तो त्याच्या मायनं शिकवलं तसंच बोलन. म्या दोनशे वाक्यं बोलून देल्ली होती, अशीच, आमी बोलतो तशी. साऱ्याइवर लाल फुल्या मारल्या."

थॉमसनं सायलीला काहीतरी विचारलं. मग साहेबांकडे न बघता तिनं लॅपटॉप उघडला. काकूंची दोनशे वाक्यं नियमाप्रमाणे पुसून टाकायची होती. तिनं पुसली नव्हती. वेगळी ठेवली होती.

सभागृहात काकूंचा आवाज घुमला. "मले माया वावरातल्या वांग्याइची फिकर वाटते." मग दुसरं, मग तिसरं. कुणी हसलं नाही. आपलं बोलणं अशा मोठ्या यंत्रातून, परदेशी माणसांसमोर, इतक्या इभ्रतीनं बाहेर पडताना आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा प्रत्येक वाक्याला "हाव, बरोबर," म्हणत होता.

थॉमसनं त्या फांदीचं एक पान आपल्या वहीत ठेवलं. जाताना त्यानं काकूंना हात जोडले. काकूंनी त्याला पावशेर मिरच्या दिल्या आणि सायलीला बजावलं, "सांग त्याले, तिखट हाय. नाईतं म्हनन वऱ्हाडात मारलं."

काम बंद झालं नाही. नियम मात्र बदलला. आता पडद्यावर वाक्य येत नाही, चित्र येतं. सुकलेलं झाड, भरलेली विहीर, बाजार. बघायचं आणि आपल्या तोंडानं सांगायचं. त्यामुळे ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्याही आल्या. चौदाच्या एकेचाळीस झाल्या. आमच्या इथली सत्तरीची एक म्हातारी, जिनं आयुष्यात सही केली नव्हती, विहिरीचं चित्र बघून अर्धा तास बोलली. तिच्या माहेरची विहीर होती म्हणे तशीच.

आणि काकूंना कंपनीनं तपासनीस केलं. अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंतचे आवाज त्यांच्याकडे येतात, आणि बरोबर-चूक त्या ठरवतात. पुण्यातल्या दोन पोरांनी वऱ्हाडीची नक्कल करून काही वाक्यं पाठवली होती. काकूंनी ती चार शब्दांत ओळखली. लाल फुली मारली आणि शेरा दिला : "हे नाटकातलं वऱ्हाडी हाय. मानसावानी बोला." तो शेरा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी मोठा छापून भिंतीवर लावलाय, असं सायलीनं सांगितलं.

परवा कारंजाच्या बाजार समितीबाहेर मी आणि काकू चहा घेत होतो. शेजारी धनजकडचा एक शेतकरी फोनला विचारत होता, "मिरचीवर बोकड्या आला. काय मारू?" फोन म्हणाला, "पानं वर वयली का खाली?" त्या माणसानं सांगितलं, फोननं उपाय सांगितला, त्यानं फोन खिशात टाकला आणि तो गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझी छाती मात्र फुगली. मी त्याला हाक मारून सांगणार होतो की दादा, हा प्रश्न या बाईनं शिकवलाय. काकूंनी माझा हात दाबला. "राहू दे. त्याले घाई हाय." मग पदर नीट करून पुढचा चहा त्यांनी उगीचच कुणीतरी मोठी व्यक्ती असल्यासारखा फुंकून फुंकून घेतला.

एवढंच सांगून थांबलो असतो. पण गेल्या उन्हाळ्यातली एक दुपार सांगितल्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत.

कंपनीकडून त्यांच्या नावचं मानपत्र आलं होतं, ते द्यायला मी वावरावर गेलो. घर वावरातच आहे. कडुलिंबाच्या सावलीत खाटेवर तुळशीरामकाका उशीला टेकून बसले होते. काकू त्यांच्यासमोर जमिनीवर, फोन त्यांच्या तोंडाजवळ धरून.

"बोला."

काका काहीतरी बोलले. माझ्या कानाला तो नुसता एक लांब ओढलेला आवाज होता.

फोन म्हणाला, "समजलं नाही."

"पुन्ना बोला. घाई नाई."

काका पुन्हा बोलले. फोनला पुन्हा समजलं नाही. काकू पुन्हा म्हणाल्या, "पुन्ना बोला." त्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. माझी चाहूल लागली तसा त्यांनी चटकन फोन पदराआड घेतला. साऱ्या सभेसमोर साहेबाला थांबवणारी बाई, आणि चोरी पकडल्यासारखी बघत होती.

त्यांनीच सांगितलं.

"त्या तामससाहेबानं निरोप धाडला होता, तुमाले काय पायजे म्हनून. म्या सायलीले म्हनलं, एका मानसाचं बोलनं शिकव मशीनले. कंपनी म्हने, एका मानसासाठी नाई होत. थे पोरगी म्हने, मी ऐतवारी घरी बसून करतो. चार मयने झाले. म्या रोज याइचं बोलनं भरून धाडतो, थे पोरगी शिकवते. समजलं का मशीन लिवून दाखवन म्हने."

"पण काकू," मी म्हटलं, "तुम्हाला तर काकांचं सगळंच समजतं."

"मले समजते," त्या म्हणाल्या. "म्हनून तं."

मला कळलं नाही. त्या खाटेच्या दोरीत बोट अडकवून बसल्या. मग काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "मी पयले गेलो, तं याइचं कोन समजन, इजू? आमची पोरगी सुरतले. फोनवर नुसती 'हो बाबा, हो बाबा' करते. तिले काई समजत नाई. याइले मालूम हाय का तिले समजत नाई. तरी बोलतेत."

मी मानपत्र खाटेवर ठेवलं. निघायला वळलो. तेवढ्यात काका माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ते नेहमीच बोलतात. पाच वर्षांत मी त्या घरी कागद द्यायला, अंगठा घ्यायला कितीदा गेलो असेन, आणि दर वेळी त्यांच्या बोलण्यावर मान हलवून "हो, हो काका" म्हणत गाडीला किक मारली असेल. त्या दुपारीही मी तेच म्हणालो.

काकूंच्या हातातला फोन उजळला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, चष्मा लावून पुन्हा बघितला, आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर लिहिलं होतं :

"बस. च्या घेऊन जा."

"थे दर खेपेले हेच म्हनतेत तुले," काकू म्हणाल्या. "तू थांबतच कुठी?"

मी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि खाटेच्या पायथ्याशी बसलो. काकू चहा ठेवायला आत गेल्या, फोन काकांच्या छातीवर ठेवून. काका हसत होते, अर्ध्या चेहऱ्यानं. मग ते बोलायला लागले, आणि मी मान न हलवता, एक-एक ओळ वाचत, ऐकत बसलो.